सड्यावरचं इरलं : कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१९ एप्रिल २०२५

आजपासून नोंदी नीट ठेवायच्या. कादंबरीचं नाव सध्या तरी ‘सड्यावरचं इरलं’. सायन्स फिक्शन आहे, त्यात प्रेमकथा आहे, आणि प्रेमकथेच्या भोवती एक घर आहे ज्यात एकमेकांच्या रक्ताचं जवळजवळ कोणीच नाही. जागा देवगड आणि राजापूरच्या मधला एक सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, गावाचं नाव द्यायचं नाही. माणसं ठरली ती अशी: शेवंताआजी, वय ७४, मुलगे मुंबईला. वंदना सिस्टर, सरकारी आरोग्य उपकेंद्रातली नर्स (एएनएम), ३८ वर्षांची, लग्न मोडलंय, आजीच्या घरात भाड्याने राहते. टेकराज, नेपाळहून आंब्याच्या बागेत राखणीला आलेला, आणि त्याची ७ वर्षांची मुलगी बिनिता, जी पावसाळ्यात बाप गावी गेला तरी शाळेसाठी आजीकडेच राहते. आणि तो.

आमच्याकडे बागेवरच्या नेपाळी माणसाला सगळे सरसकट गुरखा म्हणतात, वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाचं नाव कोणाला माहीत नसतं, आणि मला ते फार लागतं. म्हणून पुस्तकात टेकराज पहिल्या ओळीपासून टेकराजच.

आता ‘तो’. मला सांभाळणारा, जिवाला जीव देणारा एलियन हिरो हवाय, अशा गोष्टी मी मनापासून वाचते, मला आवडतात. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सांभाळणं म्हणजे तिला उचलून नेणं, तिने कुठे जायचं ते ठरवणं, दुसऱ्या पुरुषावर गुरगुरणं एवढंच असतं. मला डोळ्यासमोर येतो तो आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. रात्री गावाच्या हद्दीवरून फिरतो म्हणतात, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड ठेवतात. मला यातलं सगळ्यात जवळचं काय वाटतं तर गाव राखणाऱ्याच्या पायांचा विचार गाव करतं. माझ्या हिरोच्या पायांचा विचार कोणीतरी करायला पाहिजे, पुस्तक त्यासाठीच लिहायचंय.

२६ एप्रिल

तो येतो कुठून ते फिक्स केलं. प्रॉक्झिमा सेंटॉरी, सूर्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षं. त्याच्याभोवती ग्रह आहे हे २०१६ मध्ये जाहीर झालं, तो ११.२ दिवसांत एक फेरी मारतो म्हणजे त्याचं वर्ष आपल्या दीड आठवड्याचं. इतक्या जवळून फिरणारा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे करून असतो, म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायम दिवस, अर्ध्यावर कायम रात्र. त्याचे लोक मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात राहतात असं मी धरलंय. त्याने सूर्य मावळताना कधी बघितलेलाच नाही!

प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, फार मंद आहे. पण त्याच्या शेजारचा मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, कोकणातून दिसतो. दक्षिण क्षितिज मोकळं पाहिजे, देवगडच्या अक्षांशावरून तो जास्तीत जास्त १३ अंश वर येतो, सध्या मध्यरात्रीनंतर. सड्यावरून हे सहज जमेल. वंदना त्याला विचारते घर कुठे, आणि तो जिथे हात करतो तिथे तिला काहीच दिसत नाही, बाजूचा एक ठळक तारा तेवढा दिसतो. या सीनमध्ये डायलॉग कमीत कमी ठेवायचे.

३ मे

सांभाळण्याची सवय त्याच्या अंगात का आहे याचं उत्तर मिळालं आणि ते खगोलशास्त्रातूनच मिळालं याचा मला केवढा आनंद झालाय. प्रॉक्झिमा भडकणारा तारा आहे. १ मे २०१९ ला त्याचा एक भडका बऱ्याच दुर्बिणींनी एकदम टिपला, अतिनील किरणांत तो काही सेकंदात नेहमीपेक्षा सुमारे १४,००० पट उजळला होता. अशा ताऱ्याखाली जगायचं तर भडका आला की ताबडतोब आडोसा पाहिजे. तर त्याच्या पाठीवर एक जाड पापुद्रा आहे, एरवी मिटलेला, उघडला की पावसात लावणी करताना बाया डोक्यावरून पाठीवर घेतात त्या इरल्यासारखा. भडका आला की जो मोठा असेल त्याने इरलं उघडायचं आणि जवळ जो कोणी लहान असेल त्याला आत घ्यायचं. स्वतःचं पोर शोधत बसायला वेळच नसतो.

आणि मग त्यांची नातीच यावरून ठरतात. आई कोण बाप कोण हे तिकडे कोणी विचारत नाही, कोणी कोणावर सावली धरली एवढं लक्षात ठेवतात आणि तेच आयुष्यभराचं नातं. फाउंड फॅमिली, म्हणजे रक्ताचं नातं नसताना जमलेलं घर, हा आपल्याकडे अपवाद म्हणून सांगायचा विषय, त्याच्याकडे दुसऱ्या प्रकारची फॅमिली नाहीच.

यावरून पहिला चॅप्टर सुचला. सड्यावर त्याची पहिली संध्याकाळ. सूर्य समुद्रात जाताना बघून त्याला वाटतं तारा विझला. जवळ बिनिता शेळ्या वळत असते, तो इरलं उघडून तिला आणि तीन शेळ्यांना आत घेतो आणि रात्रभर तसाच उभा राहतो. शोधत आलेली वंदना बॅटरी मारते, किंचाळते, मग बिनिताचं घोरणं ऐकून थांबते. तो मुलीला सोडत नाही कारण त्याच्या मते जग संपलंय, वंदना जात नाही कारण मुलगी आत आहे. सकाळी सूर्य उगवतो आणि त्याचं इरलं आपोआप मिटतं. त्यानंतर रोज संध्याकाळी वंदना सड्यावर येऊन त्याच्या शेजारी बसते, कारण पहिले काही दिवस त्याचा विश्वासच बसत नाही की उद्या परत उजाडणार आहे. प्रेमकथा या संध्याकाळींमधूनच वाढवायची, वेगळा रोमँटिक ट्रॅक घालायचा नाही.

११ मे

त्याला काय दिसतं यावर दोन दिवस घालवले. अशा गोष्टींमध्ये एलियनला माणसाच्या अंगाची उष्णता दिसते असं सर्रास असतं, पण इथे ते बसत नाही. प्रॉक्झिमाच्या पृष्ठभागाचं तापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास, त्याचा प्रकाश सगळ्यात जास्त १ मायक्रोमीटरच्या जवळ, म्हणजे लाल रंगाच्या जरासा पलीकडे. माणसाच्या अंगाची उष्णता १० मायक्रोमीटरच्या आसपास, ती फारच लांब राहिली. त्यामुळे वंदनाच्या गालावरची उष्णता वगैरे त्याला दिसणार नाही, आणि ते बरंच आहे, तिच्या मनातलं कळायला त्याला तिला विचारावं लागेल.

पण त्या प्रकाशात हिरवी पानं प्रचंड चमकतात, जवळजवळ निम्मा प्रकाश परत फेकतात, आणि पाणी तो प्रकाश पिऊन टाकतं. म्हणजे त्याला आंब्याच्या बागा पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि समुद्र काळाकुट्ट. जूनमध्ये सडा हिरवा होतो तेव्हा त्याला काय दिसेल याचा विचार करत बसले आणि जेवायचं राहून गेलं. हा पॅरा कितीही मोठा झाला तरी कापायचा नाही.

अजून एक, आणि हे प्लॉटसाठी जास्त महत्त्वाचं. त्याच्याकडचे भडके थोडा वेळ येतात आणि जातात, एरवी त्या ताऱ्याचा उजेड मवाळ. आपला सूर्य मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत निळा आणि अतिनील प्रकाश ओततच असतो. त्याचं इरलं अशा सतत माऱ्यासाठी नाहीये. म्हणजे दुपारी १२ वाजता उघड्या कातळावर तो भाजून निघेल. म्हणून दिवसा त्याला आजीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नारळाच्या झापांच्या माटवाखाली, म्हणजे मांडवाखाली राहावं लागतं. दिवसा हे लोक त्याच्यावर सावली धरतात, रात्री तो त्यांच्यावर. मी हे मुद्दाम जुळवलं नव्हतं, दोन ताऱ्यांच्या उजेडातल्या फरकातून आपसूक आलं.

२१ मे

काल नारळीकर सर गेले. आज नवीन काही लिहिलं नाही, जुनी पानं वाचली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली गोष्ट नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःच्या आद्याक्षरांची उलटापालट करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून नाही तर गोष्ट बघून ठरवावं. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ मराठीत गोष्ट लिहायची तर नवख्यासारखा रांगेत उभा राहतो, हे मला शाळेत कळलं तेव्हापासून मी मराठीत सायन्स फिक्शन लिहायचं ठरवलं होतं. माझी गोष्ट प्रेमाची आहे, घराची आहे, तरी त्यातलं विज्ञान ढिलं ठेवणार नाही.

२७ मे

यंदा पाऊस २५ तारखेलाच कोकणात दाखल, आंबेवाल्यांचे हाल झालेत. पुस्तकात टेकराजचं गावी जाणं जूनच्या सुरुवातीला आहे, ते तसंच ठेवतेय, पण बागेतली घाई, भिजलेले क्रेट, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात अडकलेली माणसं हे सगळं आता डोळ्यासमोर आहे तर लिहून घेतलं.

एक प्रश्न सारखा विचारला जातोय, कच्चे चॅप्टर वाचणाऱ्या दोघीतिघींनी विचारला, की सड्यावर कातळशिल्पं आहेत तर ती याच्याच लोकांनी कोरली असं का नाही करत, भारी होईल. नाही करणार. कशेळीचा तो हत्ती, ज्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेत, बारसू, देवीहसोळ, कुडोपी, ही इथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांचं श्रेय परग्रहावरच्यांना देणं म्हणजे ज्यांनी उन्हात बसून कातळ कोरला त्यांना पुसून टाकणं. माझा हिरो ती शिल्पं बघतो आणि वंदनाला विचारतो की हे कोणी केलं, ती म्हणते आमच्याच कोणीतरी, आणि तो विचारतो तेव्हा इथे झाडं होती का, त्यांच्यावर सावली कोण धरत होतं. तिला उत्तर माहीत नसतं. बस, तेवढंच.

८ जून

विंचवाचा चॅप्टर. पुस्तकाचा कणा हाच आहे म्हणून सविस्तर नोंद.

मे महिना, भर दुपार, बिनिता सड्यावर चिऱ्याचा तुकडा उचलते आणि लाल विंचू चावतो. एलियन माटवाखाली आहे, त्याला तिची किंकाळी ऐकू येते, आणि तो उन्हात बाहेर पडतो. इथपर्यंत कोणताही हिरो हेच करेल. पुढे काय करायचं ते महत्त्वाचं. त्याच्याकडे काही जादूचं औषध, बोटातून निघणारा उजेड वगैरे असलं की संपलंच, मग बाकीची माणसं नुसती बघायला उरतात, आणि वंदना इतकी वर्षं ज्या कामात आहे ते काम फुकट जातं. मुलगी वाचते ती प्राझोसिनने. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर हे औषध चालतं हे कोकणातच पेशंट बघत बघत सिद्ध केलं, मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, त्याआधी कोकणात किती पोरं विंचवाने जायची हे जुन्या माणसांना विचारा. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणं वंदना ओळखते, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावते, ते सांगतात तशी गोळी देते, १०८ ला कळवते. ॲम्ब्युलन्स सड्यावर येत नाही, खालच्या रस्त्यापर्यंतच येते.

आणि गोळी दिल्यावर पेशंटला उभं करायचं नाही, प्रेशर एकदम पडू शकतं, आडवंच न्यायचं. इथे वंदना त्याला पहिल्यांदा हुकूम सोडते. “आडवी धर. हलवू नकोस. माझ्या मागून ये.” तो इरलं उघडून मुलीला त्यात आडवी धरतो आणि तिच्या मागून चालतो, ती सांगेल तसा, ती थांबली की थांबतो. पूर्ण ऊन पाठीवर. मला हवा असलेला सांभाळणारा हिरो तो हाच, ज्याला ताकद असून दुसऱ्याच्या मागून चालता येतं.

रस्त्यावर ॲम्ब्युलन्स दिसल्यावर तो करवंदीच्या जाळीत लपतो, मुलगी आणि वंदना जातात. मग आजी येते. गुडघे दुखत असताना, काठी टेकत, खांद्यावर ओली गोधडी घेऊन. त्याच्या पाठीचे पापुद्रे सुटलेले असतात. ती काही बोलत नाही, गोधडी त्याच्या अंगावर टाकते, स्वतः उन्हाच्या बाजूला बसते आणि सूर्य कलेपर्यंत बसून राहते. उठताना विचारते, “जेवलंस काय रे?” त्याच्या लोकांच्या हिशोबात या क्षणी आजी त्याची आई झाली. ती आधीपासून त्याला झिलग्या, म्हणजे पोरा, म्हणतच होती.

हा चॅप्टर लिहून झाल्यावर बराच वेळ रडले. चांगलं झालंय.

२९ जून

टेकराजवर काम. तो इतके दिवस कोपऱ्यात राहिला होता आणि खरं तर राखणीचा धंदा करणारा माणूस या घरात तोच एकटा. रात्रभर बागेत बॅटरी घेऊन फिरतो, दिवसा माकडं हाकलतो, पत्र्याच्या मांगरात राहतो. एलियन त्याच्याबरोबर रात्री फिरायला लागतो तेव्हा दोघांची दोस्ती होते. टेकराज त्याला भाइ म्हणजे धाकटा भाऊ म्हणतो, बिनिता दाजु म्हणजे मोठा भाऊ म्हणते.

एक सीन नवीन आला. एलियनला वंदनाचा पूर्वीचा नवरा भेटायला येणार हे कळतं आणि तो म्हणतो मी दारात उभा राहतो. टेकराज त्याला सांगतो, मी आठ सीझन हे आंबे राखतोय, राखले म्हणून आंबे माझे नाही झाले. जा, तिला विचार उभा राहू का. तो विचारतो. वंदना म्हणते, नको, आत बस, चहा तेवढा जास्त ठेव. नवरा येतो, कागदावर सह्या होतात, चहा पिऊन जातो. काहीही घडत नाही आणि मला हा सीन फार आवडतो.

२० जुलै

प्रेम. आता टाळता येणार नाही, कारण दोघं इतक्या संध्याकाळी शेजारी बसलीयत की वाचकही वाट बघत असणार.

शरीराचं किती लिहायचं यावर खूप विचार केला. त्यांची शरीरं जुळत नाहीत, आणि जुळवून घ्यायला मी सोयीची बायोलॉजी बनवणार नाही. जवळीक इरल्यातूनच यायला हवी. त्याने आतापर्यंत इरल्यात घेतलं ते लहानांना, दुखणाऱ्यांना, आणि तिकडची रीत अशी की दोन मोठी माणसं एकमेकांना आत घेत नाहीत, कारण मग बाहेरच्या लहानांवर सावली कोण धरणार. पावसाची रात्र, बिनिता आणि आजी घरात सुखरूप झोपलेल्या, टेकराज गावी पोचल्याचा फोन येऊन गेलेला. सगळी माणसं सावलीत आहेत. तेव्हा तो वंदनाला विचारतो की तू आत येशील का, आणि हे विचारणं त्याच्या आयुष्यात पहिलंच. ती लगेच हो म्हणत नाही. ती म्हणते मला दुखत नाहीये, मी लहान नाहीये, मग का? तो म्हणतो म्हणूनच.

हा एक शब्द शोधायला मला आठवडा लागला असेल. पुढचं पान पावसाचं, त्यात तिच्या बाजूने सगळं, आत ऊब किती होती, बाहेरचा आवाज कसा येत होता, आणि तिला पहिल्यांदा कोणाची तरी काळजी न करता झोप लागली ते.

४ सप्टेंबर

गणपतीत गावी लिहायला जमलं नाही पण बघायला भरपूर मिळालं. मुंबईहून आलेल्या गाड्या, बंद घरांची उघडलेली दारं, पाच दिवस गजबज आणि मग परत कुलपं.

क्लायमॅक्स गणपतीतच करायचा हे आता पक्कं. यानातून त्याचे लोक न्यायला आले, थांबायचं की जायचं, हा नेहमीचा शेवट इथे होऊच शकत नाही. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने आलं तरी तिकडून इकडे यायला ४२ वर्षांच्या वर लागतात. न्यायला कोणी येणार नाही. त्यामुळे परीक्षा आकाशातून येत नाही, मुंबईच्या गाडीतून येते. आजीचे दोघे मुलगे येतात. त्यांना व्हिलन करायचं नाही, ते आईला दरमहा पैसे पाठवतात, फोन करतात, त्यांना खरंच वाटतं की आई एकटी आहे. घरात परकी बाई, नेपाळी मुलगी, आणि खळ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली लपवलेलं काहीतरी बघून ते घाबरतात, आईला मुंबईला न्यायचं म्हणतात, सड्याची जमीन विकायचं म्हणतात.

मोठा मुलगा रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवतो. यावर आई तुझं एकटीचं नाव आहे, ही सगळी कोण? आजी कार्ड बघते, मग आरतीला सगळ्यांना हाक मारते. बिनिताच्या हातात घंटा देते. वंदनाकडे निरांजन. आणि खळ्यात जाऊन गोणपाट बाजूला करते आणि मुलांसमोर म्हणते, “हो माझो झील,” हा माझा मुलगा. मुलगे किंचाळतात, पळतात, परत येतात. धाकटा आधी जवळ येतो. थोरल्याला त्या रात्री जमत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, विसर्जनाला मात्र पाऊस जोरात येतो, आणि मूर्ती डोक्यावर घेतलेल्या थोरल्यावर तो न बोलता इरलं धरतो, ओढ्यापर्यंत. थोरला वर बघत नाही. पण पाऊल सावकाश टाकतो, त्याला बरोबर चालता यावं म्हणून.

जमीन विकली जात नाही असं मात्र लिहिणार नाही. अर्धी विकली जाते. घर राहतं.

२१ सप्टेंबर

शेवटचा भाग लिहून झाला.

पहिल्या भागात त्याने घरी एक संदेश पाठवला होता: पोचलो, माझ्यावर सावली धरणारं कोणी नाही. तो जायला ४.२४ वर्षं, उत्तर यायला तेवढीच, मिळून साडेआठच्या आसपास. म्हणून शेवटच्या भागात बिनिता १५ वर्षांची आहे, दहावीत, आजी ८० च्या पुढे, वंदनाची बदली होऊन ती परत याच उपकेंद्रात आलीय. टेकराजने या वर्षी पहिल्यांदा पावसाळ्यातही राहायचं ठरवलंय.

उत्तरात निरोप, उपदेश, बोलावणं असं काही नाही. एकच प्रश्न आहे, त्यांच्याकडे हरवलेल्या प्रत्येकाला विचारतात तोच: आता तुझ्यावर सावली कोण धरतं? बिनिता त्याची भाषा सगळ्यांत चांगली शिकलीय, ती मोठ्याने अर्थ सांगते. तो उत्तर जुळवत बसतो, नीट, क्रमाने, कारण हे उत्तर तिकडच्या नोंदीत कायमचं जाणार आहे. आजीला एवढा धीर नाही. “आमी आसव म्हणान सांग तेंका,” असं म्हणून ती भाकऱ्या टाकायला आत जाते, आणि बिनिता तेच पाठवते, मालवणीतच.

आता विंचवाचा चॅप्टर एका ओळखीच्या एएनएमकडे वाचायला दिलाय, औषधाच्या भागात तिने खुणा केल्या की तेवढं दुरुस्त करायचं. नेपाळी संबोधनं टेकराजच्या भागातल्या माणसाकडून एकदा तपासून घ्यायची आहेत. ते झालं की पूर्ण ड्राफ्ट प्रिंट काढायचा.